सदतीस की त्र्याहत्तर?

(प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



रोवणीचे दिवस आहेत. तुमच्यातले बरेच जण दिवसभर बांधीत वाकून आले आहेत. पाठी दुखत असतील. तरी तुम्ही पाटी घेऊन इथे आलात, याचं मला फार कौतुक वाटतं.

आज अक्षरं बाजूला ठेवू. आज आकड्यांबद्दल बोलू.

तुम्हाला मोजता येत नाही, असं कोणी म्हटलं तर मी ते ऐकून घेणार नाही. रोवणीला किती बाया आल्या, किती दिवस झाले, मजुरी किती झाली, हे तुम्ही बोटांवर सांगता. तेंदूच्या ७० पानांचा पुडा बांधताना तुमचं पान चुकत नाही. मोजणं तुम्हाला लहानपणापासून येतं. आता शिकायचं आहे ते लिहिणं.

आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही. आई-बापाला वाचता येऊ लागलं, हे पोरांना कळलं आहे. पोरगी पाटी घेऊन येते आणि म्हणते, "आई, पाह्य ना, बराबर हाये का?" तेव्हा काय सांगायचं? ते सांगताना माझी स्वतःची एक चूक मला आधी सांगितली पाहिजे.

१९८१ ची गोष्ट. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात शाळा होती. दोन खोल्या, चार वर्ग. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. काळासावळा, गप्प राहणारा. त्याचं नाव सांगत नाही. मी अंकलेखन घेत होतो. "लिहा, सदतीस." त्याने लिहिलं, ७३. "लिहा, त्रेपन्न." त्याने लिहिलं, ३५. "लिहा, अठ्ठेचाळीस." त्याने लिहिलं, ८४.

एक आकडा चुकला असता तर मी समजलो असतो. पण याने सगळेच आकडे उलटे लिहिले होते. मला वाटलं, पोरगा माझी थट्टा करतो आहे. त्या काळी छडी हीच मास्तराची अक्कल समजत. मी त्याला हातावर चार छड्या मारल्या आणि कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

मी घरी गेलो. बाप म्हणाला, "गुर्जी, त्याले नाही जमत. जाऊ द्या." पोरगा गुरांमागे जाऊ लागला. हजेरीपटावर मी त्याच्या नावासमोर रेघ मारली. त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, हे खरं सांगतो.

बारा-तेरा वर्षांनी मे महिन्यात मी एका तेंदूपत्त्याच्या फळीवर गेलो होतो. तोच मुलगा, आता चांगला बाप्या झालेला, पुडे मांडत होता. दहा पुड्यांची एक रांग. अशा रांगांवर रांगा. दहा रांगा झाल्या की शेकडा. हात भरभर चालत होता. मध्येच कोणी विचारलं, "किती झाले?" त्याने नुसती नजर टाकली आणि सांगितलं, "तीन शेकडे, चार रांगा, सात." म्हणजे ३४७. मी मोजून पाहिले. एकही चुकला नव्हता.

मी त्याला ओळख दिली आणि म्हटलं, "अरे, तुला तर चांगलं येतं. मग शाळेत सदतीसचे त्र्याहत्तर का लिहायचास?"

तो हसला नाही. म्हणाला, "गुर्जी, तुमी म्हना बरं, सदतीस. सात आधी आयकू येते का तीस आधी? सात आधी येते. मंग म्या सातच आधी लिवला. तुमी मारलं."

मी त्याला काय उत्तर देणार? तो चूक करत नव्हता. कानाने ऐकलं तसं हाताने लिहीत होता. वर्गातली बाकीची पोरं पाठ करून लिहीत होती, आणि हा एकटा विचार करून लिहीत होता.

थोड्या वेळाने मुनशीने वही काढली. त्याने वहीवर अंगठा लावला आणि तो निघून गेला. हजार पुड्यांची गोणी न चुकता मोजणारा माणूस, पण वहीत त्याच्या नावावर किती मांडले हे त्याला वाचता येत नव्हतं. ती वही खरं तर त्याच्याच हातात असायला हवी होती.

त्या दिवसापासून मी आपल्या आकड्यांची नावं नीट ऐकू लागलो. तुम्हीही ऐका. सदतीस. सद म्हणजे सात, आणि तीस. पंचवीस. पंच म्हणजे पाच, आणि वीस. बोलताना सुट्टे आधी आणि दहा दहा मागून. लिहिताना मात्र दहांचा आकडा आधी, सुट्ट्यांचा मागून. तोंड एकीकडे जातं आणि हात दुसरीकडे. मोठ्यांना सवय झाली म्हणून ते कळत नाही. सात वर्षांच्या पोराला ते कळतं, आणि ते अडखळतं.

त्याहून अवघड म्हणजे एकोण. एकोण म्हणजे एक उणा, एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. पण पोराच्या कानावर काय पडतं? एक आणि तीस. ते बिचारं ३१ लिहितं. एकोणतीस या शब्दात नऊ कुठे आहे? वीस कुठे आहे? दोन्ही नाहीत. आणि लिहायचं मात्र २९. ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला एकदम सुटते. एकोणशंभर कोणी म्हणत नाही. भाषा अशी लहरी असते, बरं का!

मग ती जोडाक्षरं. सदुसष्ट. अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी. जीभ सरळ राहत नाही, तिथे आकडा कसा सरळ राहणार?

यावर २०१९ साली आपल्या राज्यात मोठा वाद झाला होता. त्या वर्षी बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीस यांच्या जोडीने "वीस एक", "वीस दोन" अशीही रीत दिली होती. तीस सात म्हणजे सदतीस. साठ तीन म्हणजे त्रेसष्ट. पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या गणिताच्या मोठ्या जाणकार होत्या. २०२३ च्या जुलै महिन्यात त्या वारल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल ज्या क्रमाने लिहितं त्याच क्रमाने ते ऐकू दे, म्हणजे त्याला गणिताची भीती वाटणार नाही.

पण लोक खवळले. मराठी बुडाली, म्हणाले. विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. मीही घरी बसून तावातावाने बोललो. चाळीस वर्षं मी बावीस, तेवीस शिकवलं, आणि आता या वयात वीस दोन म्हणू?

माझी नात त्या वर्षी दुसरीत होती. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, "लिही, सत्तावन्न." ती पेन्सिल तोंडात धरून बसली. मग ७५ लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला एकदम तो काळासावळा मुलगा आठवला. मी म्हटलं, "बरं, लिही, पन्नास सात." तिने लगेच ५७ लिहिलं. मी म्हटलं, "यालाच आपण सत्तावन्न म्हणतो." ती म्हणाली, "मग आधीच असं सांगायचं ना, आजोबा!"

त्यानंतर मी तावातावाने बोलणं बंद केलं.

वीस एक ही रीत जगात नवी नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाकडे तेलुगू बोलतात. तेलुगूत एकविसाला "इरवै ओकटि" म्हणतात. इरवै म्हणजे वीस, ओकटि म्हणजे एक. इंग्रजीतही विसाच्या पुढे वीस आधी आणि एक मागून. दूर युरोपात नॉर्वे नावाचा थंडीचा देश आहे. तिथे पूर्वी आपल्यासारखेच सुट्टे आधी बोलत. टेलिफोनचे नंबर सांगता-ऐकताना गफलत होई. म्हणून १९५१ साली तिथल्या सरकारने दहा आधी बोलण्याची रीत सुरू केली. शाळांतून तीच शिकवू लागले. तरी तिथे अजूनही कित्येक माणसं घरात जुन्याच रीतीने बोलतात. सरकारने ठरवलं म्हणून जिभेची सवय जात नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे. पोराला आधी तीस सात सांगा. त्याला ते कळलं की सदतीस सांगा. पण सदतीस टाकून देऊ नका. बाजारात दुकानदार सदतीसच म्हणणार आहे. कंडक्टर सत्तावन्नच म्हणणार आहे. शिवाय जुन्या नावांत गंमतही आहे. पाटीवर ३६ लिहून पाहा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. म्हणून भांडणाऱ्या दोघांचा छत्तीसचा आकडा आहे, असं आपण म्हणतो. आता ६३ लिहा. तेच दोघे तोंडाला तोंड लावून बसले! जागा बदलली आणि भांडण मिटलं.

आता पोराला शिकवायचं कसं, ते सांगतो. पैसा लागत नाही.

खराट्याच्या काड्या घ्या. सारख्या तुकड्यांत मोडा. दहा काड्या मोजा आणि दोऱ्याने जुडी बांधा. जुडी पोरानेच बांधली पाहिजे. तुम्ही बांधून दिली तर उपयोग नाही. दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक गठ्ठा बांधा. मग जमिनीवर खडूने शेजारी शेजारी तीन घरं काढा. उजवीकडचं घर सुट्ट्या काड्यांचं. मधलं जुड्यांचं. डावीकडचं गठ्ठ्यांचं. शाळेत यांनाच एकक, दशक, शतक म्हणतात. जुनी माणसं एकं, दहं, शतं म्हणत.

नियम एकच. कोणत्याही घरात नऊच्या वर राहायचं नाही. दहावी काडी आली की जुडी बांधायची आणि डावीकडच्या घरात पाठवायची. फळीवर तो मुलगा हेच करत होता. दहा पुड्यांची रांग, दहा रांगांचा शेकडा, दहा शेकड्यांची हजाराची गोणी.

आता पोराला म्हणा, "सदतीस काड्या मांड." ते तीन जुड्या आणि सात काड्या मांडेल. विचारा, "किती जुड्या?" तीन. तिथे ३ लिही. "किती काड्या?" सात. तिथे ७ लिही. झाले ३७. मग तोंडाने म्हणायला लावा: तीन जुड्या सात काड्या, तीस सात, सदतीस. आधी हात, मग डोळा, मग कान. मी उलट केलं होतं. कान आधी घेतला आणि हातावर छडी मारली.

मग ३३३ मांडायला सांगा. तीनदा तोच आकडा. पण एक तीन म्हणजे तीनच काड्या, दुसरा तीन म्हणजे तीस, तिसरा तीन म्हणजे तीनशे. आकड्याचं माणसासारखंच आहे. कोणत्या खुर्चीवर बसला, त्यावर त्याची किंमत.

आता अडचण येते ती शून्याची. पोराला म्हणा, "लिही, एकशे पाच." पुष्कळ पोरं १००५ लिहितात. मोठी माणसंही लिहितात, या वर्गातसुद्धा गेल्या आठवड्यात चौघांनी लिहिलं. त्यात विचार आहे. शंभर म्हणजे १००, त्यापुढे ५, झाले १००५. पण ते झाले एक हजार पाच! एकशे पाच रुपये देणं आहे तिथे हजार पाच लिहून दिले, तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

काड्यांनी मांडा. एक गठ्ठा. जुड्या नाहीत. पाच काड्या. मधलं घर रिकामं आहे. ते रिकामं आहे हे लिहावं लागतं. नाही लिहिलं तर एक आणि पाच शेजारी येतील आणि १५ होतील. लग्नाच्या पंगतीत आपला माणूस हात धुवायला गेला तर आपण त्याच्या जागेवर दुपट्टा ठेवतो. माणूस नाही, पण जागा त्याची. शून्य म्हणजे तो दुपट्टा. १०५ मध्ये मधला शून्य म्हणतो, "इथे जुड्या बसतात. आज कोणी नाही. पण सरकू नका."

हा दुपट्टा ठेवायचं माणसाला फार उशिरा सुचलं. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राजांच्या वेळचा, सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्यात यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे आहेत. पण ते आपल्यासारखे लिहिलेले नाहीत. दहाची खूण निराळी, शंभराची निराळी, हजाराची निराळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. इतक्या खुणा लक्षात कोण ठेवणार?

पुढे आपल्याच देशात जागेवरून किंमत ठरवायची युक्ती निघाली. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ग्रंथ लिहिला. एका जागेवरून पुढच्या जागेवर गेलं की किंमत दहापट होते, हे त्याने त्यात सांगितलं आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम लिहिले. आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर एका लहान देवळात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी त्यात २७० हात लिहिली आहे, शेवटी गोल शून्य देऊन. एवढी मोठी युक्ती, पण ती सापडली आहे कुठे? फुलबागेच्या हिशेबात! मला ही गोष्ट फार आवडते.

शून्याचा जोर पाहायचा असेल तर धानाचा भाव घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. दहा क्विंटलचे किती? गुणाकार नको. सगळे आकडे एक एक घर डावीकडे सरकवा आणि रिकाम्या घरात शून्य ठेवा. २३,६९०. शंभर क्विंटलचे? आणखी एक घर. २,३६,९००. स्वल्पविराम कुठे दिला ते पाहिलंत ना? उजवीकडून आधी तीन घरांनंतर, मग दोन दोन घरांनंतर. हजार, लाख, कोटी अशी आपली चाल आहे. परदेशात तीन तीन घरांनी देतात. त्यांचं मिलियन म्हणजे आपले दहा लाख.

आता त्या उलट्या आकड्याची एक खूण सांगतो. ही जुन्या मुनीम लोकांची आहे. समजा बचतगटाच्या वहीत पैसे जुळत नाहीत. ३६ रुपयांचा फरक येतो. फरकाला नऊने भागून पाहा. ३६ ला नऊने भाग जातो, चार वेळा. लगेच संशय घ्यावा की कोणीतरी आकडा उलटा लिहिला आहे. ३७ चे ७३ केले तर फरक ३६. ५७ चे ७५ केले तर फरक १८. २९ चे ९२ केले तर ६३. नऊचा भाग जातोच.

का जातो? काड्या मांडा. सुट्टी एक काडी दशकाच्या घरात गेली की तिची जुडी झाली. एकाचे दहा झाले, म्हणजे नऊ वाढले. उलट, जुडी सुट्ट्यांच्या घरात आली की नऊ घटले. जे वाढतं ते नऊ नऊने, जे घटतं तेही नऊ नऊने. म्हणून फरकात नऊ लपलेले असतात. मात्र नऊने भाग गेला म्हणजे आकडा उलटाच असेल, असं नाही. दुसरी चूकही असू शकते. पण शोधायला तिथून सुरुवात करावी. बचतगटाच्या बायांनी हे ध्यानात ठेवा. या एका युक्तीने पुष्कळ भांडणं वाचतात.

आता आकडे लिहिण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा. एकच संख्या चार तऱ्हांनी लिहिलेली तुम्हाला दिसेल आणि तुम्ही गोंधळून जाल.

पहिली गोष्ट इंग्रजी आकड्यांची. मोबाईलवर, वजनकाट्यावर, साबणाच्या वेष्टनावर इंग्रजी आकडे असतात. शून्य, दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात. पण इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो, आणि इंग्रजी आठ आपल्या चारासारखा. इथे फसगत होते. आमच्या गावच्या एक आजी नव्यानेच वाचायला शिकल्या होत्या. मोठ्या उत्साहाने दुकानात गेल्या. तेलाच्या पुड्यावर इंग्रजीत नव्वद छापलेलं होतं. त्यांनी ते दहा वाचलं. दहाची नोट ठेवली आणि पुडा उचलला! दुकानदार ओरडला, आजीही ओरडल्या, "म्या सोता वाचलं, दहा लिवलं हाये!" अर्धं गाव जमा झालं. आजींना मी दोष देत नाही. त्यांनी वाचलं ते आपल्या लिपीत बरोबरच होतं.

हे इंग्रजी आकडेही मुळात आपल्याच देशातून गेलेले आहेत. इथून ते अरबांकडे गेले, अरबांकडून युरोपात गेले आणि रूप बदलून परत आले. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात त्यांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप असंच म्हटलं आहे. म्हणून त्यांना परके मानू नका. दोन्ही रूपं एकाखाली एक लिहून चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवा.

दुसरी तऱ्हा जुन्या वह्यांतली. माझ्या आजोबांच्या पेटीत एक वही होती. त्यात लिहिलं होतं, "धान २॥ खंडी." माझ्या मुलाने ते दोनशे अकरा खंडी वाचलं आणि म्हणाला, "बाबा, आपण एवढे श्रीमंत होतो?" नाही रे बाबा! एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. २॥ म्हणजे अडीच. पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. पाव म्हणजे चार आणे, तेव्हा ही रीत सोयीची होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्याच सुमारास शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. आता अडीच असं लिहितात: २.५०. मधला तो टिंब लहान दिसतो, पण नीट पाहा. टिंबाच्या डावीकडे पूर्ण रुपये, उजवीकडे पैसे. टिंब नजरेतून सुटला तर अडीचचे अडीचशे होतात. काट्यावरही तसंच. टिंबाच्या डावीकडे किलो, उजवीकडे त्याचे तुकडे. जुनी कागदपत्रं कोणाच्या घरी असतील तर रेघा आहेत की अकरा आहेत, हे पाहिल्याशिवाय वाचू नका. जमिनीच्या वाटणीत यावरून गैरसमज होतात.

तिसरी तऱ्हा बँकेची. तिथे रक्कम दोनदा लिहायची असते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. तुम्ही म्हणाल, गुरुजी, एकदा लिहिलं ते पुरे नाही का? पुरे नाही. ३७ लिहून पुढे जागा सोडली तर कोणीही एक शून्य देऊन ३७० करील. मागे जागा सोडली तर एक आकडा टाकून १३७ करील. सदतीस या शब्दाचं असं काही करता येत नाही. म्हणून चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक आढळला तर कायदा अक्षरी रक्कम खरी धरतो. अक्षरी लिहून झालं की शेवटी "फक्त" लिहा आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा. आकडा लिहिताना डावीकडे चिकटवून सुरू करा.

तर पाहा, जे नाव पोराला अडवतं तेच नाव बँकेत तुमच्या पैशाची राखण करतं. म्हणूनच मी म्हटलं, तीस सात आधी सांगा, पण सदतीस टाकू नका.

तो फळीवरचा माणूस मला नंतरही भेटत राहिला. मी त्याला दोनदा म्हटलं की रात्री वर्गाला ये. पहिल्यांदा तो "पाहू" म्हणाला. दुसऱ्यांदा काहीच बोलला नाही. त्याची मुलगी मात्र माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि पुढे तालुक्याला गेली. तिच्या वेळी मी काड्यांच्या जुड्या वर्गात ठेवल्या होत्या. पालकांच्या सभेला तो आला की मागे उभा राहून त्या जुड्यांकडे पाहत असे.

बरं. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने शंभर काड्या आणि थोडा दोरा आणा. घरात दुसरी-तिसरीतलं पोर असेल तर त्यालाही बरोबर आणा. जुड्या तेच बांधील.

आता पाट्या पुसा. मी तीन आकडे सांगतो, घाई करू नका. आधी मनात जुड्या मांडा, मग लिहा. एकोणचाळीस. त्रेसष्ट. चारशे सात.